तिघांनी धरलेलं कापड

"तू समजाव त्याला," ताई म्हणाली. "तुझं ऐकतो तो."

माझी थोरली बहीण दुकानात आली की आधी बसायला जागा शोधते आणि शेवटी उभीच राहते. आमच्या दुकानातल्या प्रत्येक खुर्चीचं काही ना काही निघालेलं असतं. एकीची स्प्रिंग वर आलेली, दुसरीचा पाय बाजूला काढून ठेवलेला. सोफे, कोच, खुर्च्या दुरुस्त करायचं आमचं काम. आम्ही म्हणजे मी आणि ताईचा मुलगा. भाचा आता चाळिशीला टेकला. आजूबाजूचे सगळे त्याला 'सावकाश' म्हणतात, कारण कुणीही काहीही उचललं की हा "सावकाश!" म्हणून ओरडतो. मग ती उशी का असेना.

"काय समजावू?" मी विचारलं.

"हेच, की काही झालेलं नाही. लग्न होईपर्यंत आधीसारखा वाग म्हणावं."

"आणि लग्नानंतर?"

"नंतरचं नंतर बघू. तू उगाच फाटे फोडू नकोस. आणि होणाऱ्या सुनेच्या कानावर घालू नकोस काही."

एवढं बोलून ती गेली. समजावायचं काय ते मात्र माझ्याकडे ठेवून गेली.

झालं होतं असं. भाच्याला बरेच दिवस झोप लागत नव्हती, डोकं दुखायचं, म्हणून तो डॉक्टरकडे गेला. त्या डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टर बाईंकडे पाठवलं. त्या बाईंनी त्याच्याशी पुष्कळ वेळा बसून गप्पा मारल्या, ताईलाही बोलावून त्याच्या लहानपणाचं विचारलं आणि शेवटी सांगितलं, याला ऑटिझम आहे. आजार नाही, म्हणाल्या, घडणच अशी आहे, जन्मापासून. ताईने त्यातलं 'जन्मापासून' तेवढं ऐकलं आणि जणू त्याच दिवशी काही घडल्यासारखी रडली. भाचा मात्र त्या संध्याकाळी खुशीत होता. "मामा, मी आळशी नव्हतोच," असं मला सांगत होता. "दमायचो ते खरंच दमायचो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आला तो चेहरा पाडून. कापड न चढवलेल्या आरामखुर्चीत बसला आणि म्हणाला, "मामा, आत्ता दारात तू काहीतरी बोललास आणि मी हसलो. ते हसणं माझं होतं की आईचं?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग हळूहळू उलगडा झाला, आणि उलगडा झाल्यावर जास्तच गोंधळ झाला.

ताईने त्याला लहानपणापासून घडवलं होतं. समोरच्याच्या डोळ्यांत बघ. लोक हसले की हस, थांबले की थांब. कुणी भेटलं की त्याची विचारपूस कर, आणि आवाज इतका सपाट ठेवू नकोस. आरशासमोर बसवून शिकवायची. हौस म्हणून नाही. तिला भीती होती की असाच राहिला तर जग याला कच्चा खाईल. मूल हुशार, सगळं शिकलं. इतकं शिकलं की आता त्यालाच कळेना, यातलं शिकवलेलं कुठलं आणि आपलं कुठलं.

"स्वमग्न म्हणतात म्हणे आपल्या भाषेत," तो म्हणाला. "स्वतःत मग्न. मला तर स्वतःचं काही सापडतच नाही. मग्न कशात होऊ?"

मग त्याने एक प्रयोग सुरू केला. शिकवलेलं सगळं बाजूला काढायचं आणि खाली काय उरतं ते बघायचं. माझ्यावर केला तोवर मला काही वाटलं नाही. एक गिऱ्हाईक चिडून गेलं, तेही चालवून घेतलं. पण हा प्रयोग त्याने शिंपिणीवरही केला.

शिंपिणीची मशीन आमच्या शेजारच्या खोलीत आहे. आमची सगळी कव्हरं तीच शिवते. स्वभावाने फटकळ, हाताने साफ. पहिलं लग्न मोडलेलं. तिचं आणि भाच्याचं जमलं तेव्हा मला आनंदाने काय करावं ते सुचलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात दोघं नोंदणी ऑफिसात जाऊन लग्नाच्या सह्या करणार होते. आणि हा पठ्ठ्या आता तिच्याकडे बघेना, काही विचारेना, हसेना. ती कव्हर घेऊन आली की म्हणायचा, "ठेव." बस.

काल ती मला दारात गाठून म्हणाली, "मामा, माझं काही चुकलं का?"

"नाही गं. कामाचा ताण आहे त्याला," मी म्हटलं.

"ताण कधी नव्हता?" असं म्हणून ती गेली.

आज ताईची पाठ वळली तेव्हा भाचा मागच्या बाजूला फोम कापत होता. त्याने सगळं ऐकलं असणार. पुढे येऊन म्हणाला, "समजावायची गरज नाही. माझं ठरलंय. ती आली की मी लग्न नको म्हणून सांगणार आहे."

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. "तुला ती नको झाली?"

"मला हवी आहे. पण तिने हो म्हटलं ते आईने बनवलेल्या माणसाला. मला ती भेटलेलीच नाही. म्हणजे ही फसवणूक झाली. झाली की नाही?"

आता मला बोलणं भाग होतं. मी आजवर लोकांना धीर देताना जे ऐकलंय तेच बोलायला लागलो. दुसरं माझ्याकडे काय होतं?

"अरे, कसली फसवणूक? तू अगदी आमच्यासारखाच आहेस."

"वरची ट्यूब कण्हते ते तुला ऐकू येतं?"

मी वर बघितलं. कान दिला. "नाही."

"मला दिवसभर येतं. मग सारखे कसे?"

"तसे सगळेच थोडेफार वेगळे असतात रे."

"मग डॉक्टरांनी सगळ्यांना का नाही सांगितलं?"

"बरं, ते सोड. तुझ्यासारखी माणसं केवढी मोठमोठी होऊन गेली आहेत!"

"कोण?"

मला एकही नाव आठवेना. "आहेत. लोक म्हणतात."

त्याने ते मनावर घेतलं. बराच वेळ फोमच्या कडेवरून बोट फिरवत राहिला आणि म्हणाला, "आणि मी मोठा नाही झालो तर? कोच दुरुस्त करणाराच राहिलो तर? मग माझं असं असणं चालणार नाही का?"

धीर द्यायला गेलो आणि होता तोही काढून घेतला की काय, असं वाटलं. उठलो, ट्यूब बंद केली.

"तुला दिसणार नाही," तो म्हणाला.

"खिडकी आहे की. कोच तिकडे ओढू. इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"आई म्हणाली होती, कामाच्या जागी तक्रार करायची नाही."

आम्ही कोच खिडकीपाशी ओढला. त्याने सवयीने "सावकाश" म्हटलं. मग माझ्या लक्षात आलं की त्याचे खांदे खाली आलेत. इतकी वर्षं हे खांदे मी वरच बघितले होते आणि त्याची ठेवणच तशी आहे असं धरून चाललो होतो. एवढ्याशा बटणाने हे होतं, तर आणखी काय काय मला ऐकू येत नसेल?

कोच दातांच्या डॉक्टरकडचा होता, लोक जिथे आपला नंबर येईपर्यंत बसतात तिथला. बैठक शाबूत, हाताशी येणाऱ्या कडा तेवढ्या कुरतडल्यासारख्या. माणसं भीतीने तिथेच धरत असणार. त्यांनी नवीन कापड दिलं होतं जाड, निळ्या पट्ट्यांचं. पट्ट्यांचं कापड म्हणजे आमच्या धंद्यातली कटकट. साधं कापड दोघांनी चढवता येतं. पट्ट्यांचं असलं की एकाच वेळी तीन बाजूंनी ओढून धरावं लागतं आणि पुढच्या कडेने खिळे मारत जावं लागतं. मध्येच एकाने हात सोडला की पट्टे तिरपे झालेच. मग सगळे खिळे उपटा आणि परत पहिल्यापासून. जाड कापडाला खिळ्यांची भोकं दिसतात, म्हणजे कापडही गेलं.

बाकीचे लोक हल्ली स्टेपल मारायची गन वापरतात. आमच्याकडे ती नाही, भाच्यामुळे. "हातोडी आधी दिसते, मग वाजते," तो म्हणतो. "गन आधीच वाजते." म्हणून मी अजून जुन्या पद्धतीने बारीक खिळे तोंडात धरतो आणि जिभेने एकेक पुढे आणून हातोडीच्या चुंबकाला चिकटवून ठोकतो. एका हातात हातोडी, एका हाताने कापड दाबलेलं, तोंडात खिळे. अशा वेळी मला बोलता येत नाही.

शिंपीण कापड छातीशी धरून आली. भाच्याकडे बघितलं नाही. मलाच म्हणाली, "मामा, पट्टे जुळवून शिवलंय. धरायला थांबते मी. तुम्हा दोघांच्याने सरळ बसायचं नाही ते."

डाव्या बाजूला ती, उजव्या बाजूला भाचा, पुढे गुडघ्यांवर मी. खिळे तोंडात टाकले. सुरुवात झाली.

"ताण," भाचा म्हणाला.

"ताणलंय."

"थोडं मागे. सावकाश."

"मी काय फर्निचर आहे का, सावकाश सावकाश करायला?"

मी ठोकत होतो. मग तो म्हणाला, "मला एक सांगायचंय."

मी "अं! अं!" केलं. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. खिळे थुंकायचे तर हात हवा, हात काढायचा तर कापड गेलं.

"सांग की," ती म्हणाली.

"लग्न नको."

तिच्या बाजूचं कापड किंचित सैल पडलं.

"ताण," भाचा म्हणाला.

तिने ताणलं. केवढ्या जोराने ताणलं ते माझ्या बोटांना कळलं. "का?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, मला ऑटिझम आहे. जन्मापासून आहे, म्हणजे तू हो म्हणालीस तेव्हाही होता. कामानंतर आपण बाकावर बसायचो, मी तुझ्या डोळ्यांत बघायचो, तुझा दिवस कसा गेला ते विचारायचो. ते सगळं शिकवलेलं आहे. ते करताना तू काय बोलतेस ते मला अर्धं ऐकूच यायचं नाही. सगळी ताकद बघण्यात जायची. तू त्या माणसाला हो म्हणालीस. तो मी नाही. मी कोण ते अजून मला सापडलेलं नाही. तोवर तुला अडकवून ठेवणं बरोबर नाही."

इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. सगळं तो पट्ट्यांकडे बघत बोलला.

"बाकावर ते टक लावून बघणं," ती हळू म्हणाली, "ते शिकवलेलं होतं?"

"हो."

मला फक्त तिच्या डोक्याचा वरचा भाग दिसत होता. तो हलायला लागला. हसते आहे की रडते आहे, कळेना. बहुतेक दोन्ही.

"अरे, मला वाटायचं माझ्या कपाळाला काहीतरी लागलंय! घरी जाऊन आरशात बघायचे मी."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, तुझी तशी रीत असेल." तिने खांद्याला नाक पुसलं, हात मोकळे नव्हते. "ऐक. बाकावरच्याला मी हो म्हटलेलं नाही. त्याची मला जरा भीतीच वाटायची. गोड गोड विचारणारा एक नवरा झालाय माझा, पोट भरलं माझं. मी हो म्हटलं ते इथल्याला."

"इथला कोण?"

"इथला! कोचापाशी खाली मान घालून काम करतो तो. माझ्या आईची पाठ खाटेवर पडून पडून सोलवटली होती, आठवतंय? मी इथेच, असंच कापड धरून सांगत होते. तू वर बघितलं नाहीस. अरेरे म्हणाला नाहीस. मला वाटलं, याने ऐकलंच नाही, दगड आहे नुसता. आणि दुसऱ्या दिवशी तिच्या पाठीला नेमकी बसेल अशी उशी आणून दिलीस. अजून विचारायचं राहिलंय, माप कुठून आणलंस?"

"तू हाताने दाखवलं होतंस. आई एवढीशी झाली, म्हणालीस."

मी खिळा जिभेवर घेऊन बसलो होतो, ठोकायचं विसरून.

"मामा, ठोका," ती म्हणाली. "हात भरून आलाय."

मी ठोकला.

"ती उशी," भाचा म्हणाला, "ती कुणी शिकवली नव्हती."

"तेच म्हणते मी."

"पण आईने शिकवलेलं काही काही मला आता आवडतं. भेटल्यावर विचारपूस करायची, ते आवडतं. ते ठेवायचं की काढायचं?"

"मला काय विचारतोस? मी मशीन मावशीकडे शिकले. म्हणून हे शिवलेलं सगळं मावशीचं का?"

त्याने विचार केला. "हे मला बघावं लागेल."

"बघ निवांत. पण मला एक सांग," आणि आता तिचा आवाज चढला, "तुझ्या त्या शब्दातलं मला ओ की ठो कळलेलं नाही. कळेल हळूहळू, तू सांगशील. पण आठवडाभर मला नुसतं 'ठेव', 'ठेव' करत होतास ते काय? मी कव्हर घेऊन यायचे आणि कुत्र्यासारखी परत जायचे. रोज वाटायचं, आता काय केलं मी?"

"मी शोधत होतो."

"शोध ना! पण सांगून शोध. घराबाहेर पडताना सांगून जातोस ना आईला?"

"जातो."

"तसंच."

"हे असं असतं ते मला माहीत नव्हतं."

"आता झालं माहीत."

"हो. आता झालं." मग जरा वेळाने, "तुला वाईट वाटलं. ते माझ्यामुळे. ते मला नको होतं."

"बरं."

"मग लग्न?"

"मला काय विचारतोस? नको तू म्हणालास."

"मी नको म्हणालो, कारण मला वाटलं, कळल्यावर तू नको म्हणशील."

"म्हटलं का मी?"

"नाही."

"मग?"

त्याने कापड धरलेल्या आपल्या हातांकडे बघितलं, जणू उत्तर तिथे होतं. "मग मला हवंय," तो म्हणाला. "तुला?"

"हो म्हटलंय ना मागेच. एक गोष्ट किती वेळा सांगायची?"

"एकदा पुरे. पण आज परत सांगितलंस तर बरं होईल."

"हो," ती म्हणाली. "हो. झालं?"

पुढची कड संपली. कापड आता खिळ्यांवर धरून राहिलं होतं. मी उरलेले खिळे तळहातावर काढले आणि जबडा चोळत बसलो. तोंडाला लोखंडाची चव आली होती. भाचा माझ्याकडे वळला.

"मामा, तू काहीच बोलला नाहीस."

"सकाळपासून बोललो ते सगळं पाण्यात गेलं. आता काय बोलू?"

"तरी."

मी तळहातावरचे खिळे डबीत ओतले. "मला यातलं फार कळत नाही," मी म्हटलं. "तुझ्यातलं कुणाचं किती, ते मी कधी तपासलं नव्हतं आणि पुढेही मला जमेलसं वाटत नाही. तू सकाळी येतोस आणि मला बरं वाटतं, एवढं मला नक्की माहीत आहे. मोठा झालास तरी तेच, नाही झालास तरी तेच. दमलास, आवाज सोसला नाही, काही बोलावंसं वाटलं नाही, तर तसा ये. किंवा नको येऊस, घरी पड, माझं मन बदलत नाही. तुझ्यासारखे पुरुष आणखीही असतील कुठे कुठे, स्वतःला असेच उलटेपालटे करून तपासत बसलेले. त्यांनाही कुणीतरी हे सांगायला हवं. तुम्ही चुकीच्या घरात शिरलेले पाहुणे नाही रे. घरचेच आहात."

तो मन लावून ऐकत होता. म्हणजे खिडकीबाहेर बघत होता.

"हे तुला कुणी शिकवलं?" त्याने विचारलं.

"कुणी नाही."

"मग तुझंच असेल," तो म्हणाला. शिंपीण खो खो हसली. तो नाही हसला. मी हसावं की नाही ते मला ठरवता येईना.

"चल," ती त्याला म्हणाली. "तुझ्या आईंकडे जाऊ."

"आत्ता? मागची बाजू राहिली आहे."

"मागची बाजू पळून जात नाही. त्यांनी मला काही सांगितलं नाही, म्हणजे हे मला कळू द्यायचं नसणार. कळलंय ते सांगून टाकू, म्हणजे त्यांच्याही जिवाचा घोर संपेल. मी बोलते हवं तर, तू नुसता उभा राहा."

"नको. मीच सांगेन. पण तिच्या डोळ्यांत बघून नाही."

"कुणी म्हटलंय बघ म्हणून?"

त्याने हात झटकले, माझ्याकडे बघून मान हलवली आणि तिच्यामागे निघाला. मी खिडकीतून बघत राहिलो. दोघं रस्त्याच्या कडेने चालले होते, मध्ये आणखी एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. बोलत नव्हते. एक ट्रक गेला तेव्हा त्याने कानांवर हात ठेवले. तीही थांबली, त्याने हात काढेपर्यंत समोरच्या दुकानातल्या बादल्या बघत राहिली. मग पुन्हा चालायला लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं असतं, दोघांचं चांगलंच वाजलेलं दिसतंय. मी इतका वेळ तिथेच गुडघे टेकून होतो, तरी मलाही नुसतं बघून खात्रीने काही सांगता आलं नसतं.

थोड्या वेळाने ताईचा फोन आला.

"अरे, हा इथे भिंतीकडे तोंड करून सगळं बोलून मोकळा झाला! तिला सगळं कळलंय! तू समजावलंस काय त्याला?"

"मी कुठे? माझ्या तोंडात खिळे होते."

"चेष्टा सुचते तुला. लग्न आहे की मोडलं, तेवढं सांग."

"आहे."

"मग ती त्याला ओरडत का होती? आणि तो हो हो का म्हणत होता? आणि आता मला म्हणतोय, आई, तू पुष्कळ शिकवलंस, थोडं ठेवणार आहे, थोडं परत देणार आहे. परत देणार म्हणजे काय रे? मी घेऊन काय करू?"

"मला नाही माहीत, ताई. त्यालाच विचार."

"विचारू?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. इतक्या वर्षांत तिने त्याला सांगितलं खूप होतं. विचारलं असेलच, पण मला तरी आठवत नाही.

"विचार," मी म्हटलं. "उत्तर यायला वेळ लागेल. थांब तेवढी."

तिने फोन ठेवला की नुसता बाजूला धरला, कळलं नाही. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, मग शिंपिणीचा, मग कुणाचाच नाही. मी फोन कानाला तसाच धरून बसलो.